डाव्या चाकातला खेळ

अहमदपुरात नांदेड रोडला आमचं घर होतं. घर म्हणजे पुढं पत्र्याचं ग्यारेज आणि त्याच्या पाठीला लागून दोन खोल्या. मधे दार नव्हतं. अव्वानं जुन्या सोलापुरी चादरीचा पडदा लावला होता आणि त्या पडद्यानं ना आवाज अडायचा ना वास. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडलांना अप्पा. सकाळी अप्पांची लिंगपूजा चालायची तेव्हा उदबत्तीचा वास आतून ग्यारेजात जायचा, आणि दहा वाजले की ब्रेक ऑइलचा वास पुढून स्वयंपाकघरात यायचा. आमटीत येसराचा मसाला कालवताना अव्वा नाक उडवून म्हणायची, "ह्या घरात येसर कुठलं आन् ग्रीस कुठलं, मलाच कळंना झालंय." पण अप्पांना गरम आमटी लागायची आणि ती ते ग्यारेजातच, पालथ्या डब्यावर बसून, भाकरी चुरून खायचे. जेवता जेवता मधेच मान वर करायचे. रस्त्यावरून एखादी जीप गेलेली असायची. "गेलं ह्याचं पॅड," ते म्हणायचे. "लोखंडाला लोखंड घासून राहिलं." दोन-चार दिवसांनी तीच जीप आमच्या दारात उभी असायची.

अप्पा इंजिनाचंही काम करायचे, पण लोक त्यांच्याकडं यायचे ते ब्रेकसाठी. उदगीर, कंधार, लोह्यापर्यंतचे ड्रायव्हर म्हणायचे, ब्रेक मल्लप्पाकडूनच करून घ्यावा. शाळा त्यांची सातवीपर्यंतच झालेली. हातात पुस्तक कधी दिसलं नाही. गाडी जॅकवर चढवायची, चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचं, मग फिरवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. चाक जागेवर हललं की म्हणायचे, "खेळ हाय ह्याच्यात." खेळ म्हणजे ढिलेपणा. बेरिंग झिजलं की चाकात खेळ येतो. तो बोटभर नसतो, केसभर असतो, आणि अप्पांना तो केस तळहाताला लागायचा.

मी त्यांची एकुलती एक. नंदा. बारावीनंतर मी लातूरला आयटीआयला गेले, मोटार मेकॅनिकच्या वर्गात. सगळ्या वर्गात मी एकटीच मुलगी. पाहुण्यांनी अव्वाला खूप बोल लावले. "पोरीला कुणी पाना धरायला शिकवतं का?" अव्वा त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "तिच्या बापाला इचारा." अप्पांना विचारायची कुणाची छाती नव्हती. रोज सकाळच्या एसटीनं मी लातूरला जायची. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी परत आले की अप्पा विचारायचे, "आज काय दावलं?" मी सांगायची आणि ते मुकाट ऐकायचे. आज वाटतं, माझं शिक्षण खरं तर आम्ही दोघांनी मिळून घेतलं. तेव्हा मात्र मला वाटायचं, मी पुढं चाललेय आणि अप्पा मागं राहिलेत. विसाव्या वर्षी माणसाला असं वाटणं सोपं असतं.

आयटीआय झाल्यावर सहा महिने मी लातूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम केलं. तिथं पहिल्यांदा स्कॅनर पाहिला. गाडीच्या डॅशबोर्डखाली एक पिन जोडायची आणि गाडीला काय दुखतंय ते पडद्यावर लिहून यायचं. मला तो चमत्कार वाटला. अप्पा पन्नास गाड्या हलवून जे शिकले ते हे यंत्र एका मिनिटात सांगतं, असं मी अव्वाला म्हणालेही होते. अव्वा भाकरी थापत होती. तिनं चादरीच्या पडद्याकडं बोट केलं आणि गप्प राहायची खूण केली. पडद्यापलीकडं अप्पा होते. त्यांनी ऐकलं असणारच.

नसीरचाचा कंधारचे. ते आणि अप्पा तरुणपणी एकाच मालकाकडं ट्रकवर होते, चाचा ड्रायव्हर आणि अप्पा क्लीनर. पुढं अप्पांनी ग्यारेज टाकलं आणि चाचा भाड्याची गाडी चालवू लागले. नांदेडचे दवाखाने, हैदराबादची विमानं, लग्नाचे नवरदेव, सगळं त्यांच्याकडं असायचं. अहमदपुरावरून जाताना ते थांबले नाहीत असं कधी झालं नाही. काम नसलं तरी हॉर्न वाजवून आत यायचे. "मल्लू, चाय पिला, नाहीतर तुझ्या ग्यारेजसमोर गाडी आडवी लावतो." ईदला त्यांच्या घरून आमच्याकडं शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्या शंकरपाळ्या कंधारला जायच्या. माझ्या आयटीआयची मिठाई सगळ्यात आधी चाचांनी आणली होती.

त्या वर्षी त्यांनी हैदराबादहून एक जुनी मोठी गाडी आणली. परदेशी बनावटीची, मरून रंगाची, मऊ सीटांची. तिला एबीएस होतं. तेव्हा आमच्या भागात एबीएसची गाडी क्वचितच दिसायची. जोरात ब्रेक मारला तर चाक जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून ही सोय असते. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि चाकासोबत फिरणारी एक दातेरी लोखंडी कडी. कडीचे दात सेन्सरसमोरून जातात, त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला चाकाचा वेग कळतो. एखादं चाक अचानक थांबल्यासारखं वाटलं की कॉम्प्युटर त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा आवळतो, पुन्हा सैल करतो, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली पॅडल थरथरतं. सोय चांगली आहे. फक्त कॉम्प्युटरला चाक दिसत नाही. सेन्सर सांगेल तेवढंच त्याला ठाऊक. आज मी हे मुलांना शिकवते तेव्हा या वाक्यापाशी थोडी थांबते. मुलांना वाटतं, मॅडम पुढचा मुद्दा आठवून राहिल्यात.

चाचांच्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागायला लागला. कधी लागायचा, कधी विझायचा. गिऱ्हाइकं घाबरायची. म्हणून ते गाडी घेऊन आमच्याकडं आले. अप्पांनी एक फेरी मारली आणि येऊन फ्यूजच्या डबीतून एबीएसचा फ्यूज काढून चाचांच्या हातावर ठेवला. "ही अक्कल बंद ठेव," ते म्हणाले. "साधा ब्रेक चालतो तुझा. मी बघितला. पाय हळू ठेव, बस."

"दिवा?"

"दिवा लागल की. तो लागू दे. दिव्यानं गाडी थांबत न्हाई."

मी मागं उभी होते. मला लाज वाटली. खरंच लाज वाटली, आणि आज त्या लाजेचीच लाज वाटते. मी पुढं होऊन म्हणाले, "चाचा, फ्यूज काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हं. आजार तसाच राहतो. दोन दिवस गाडी ठेवा, मी करते."

चाचांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा चिंधीला हात पुसत होते. "करू दे," ते म्हणाले. "शिकलीया ती."

चाचा हसले. "मल्लू, तेरी बेटी तो डॉक्टर निकली. ठेव बेटी, दोन काय, चार दिवस ठेव. शनिवारी नांदेडचं लग्न हाय तेवढं सांभाळ."

मी लातूरला जाऊन वर्कशॉपच्या फोरमनकडून स्कॅनर मागून आणला. चाचांकडून फ्यूज घेऊन परत लावला आणि स्कॅनर गाडीला जोडला. पडद्यावर आलं: पुढचं डावं चाक, सेन्सर. मी मल्टिमीटरनं चारही सेन्सर मोजले. तीन ठीक होते, डाव्याची तार आतून तुटलेली. सगळं पुस्तकासारखं जुळलं. तशाच गाडीचा वापरलेला सेन्सर हैदराबादच्या जुन्या बाजारातून खाजगी बसनं मागवला, दुसऱ्या दिवशी आला. बसवताना मला ती दातेरी कडी दिसली होती. गंजलेली होती. वायर ब्रशनं जेवढी समोर दिसत होती तेवढी घासली. चाक पूर्ण एक फेरा फिरवून सगळे दात बघायला हवे होते. मी फिरवलं नाही. स्कॅनरनं सेन्सर म्हणून सांगितलं होतं, सेन्सर मी बदलला होता. स्कॅनरमधून चूक पुसली, इंजिन चालू केलं, दिवा तीन सेकंद लागला आणि विझला. मी टाळी वाजवली. अव्वा पडद्यातून डोकावली. अप्पा आले. जॅकवरचं डावं चाक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, वर-खाली हलवलं, डोळे मिटले.

"खेळ हाय ह्याच्यात," ते म्हणाले.

मी चाक हलवून पाहिलं. मला काही लागलं नाही. "नाही, अप्पा."

"हाय. थोडा हाय. बेरिंग बदल आधी. नांदेडला मिळतंय का बघतो."

"शनिवारी लग्न आहे त्यांचं."

"मग लग्न होऊ दे. तवर फ्यूज काढून ठेव. बेरिंग आलं की मग लाव." त्यांनी चाक पुन्हा एकदा हलवलं. "चाक हललं की तुझा त्यो सेन्सर बी हलतो की न्हाई? त्याला काय दिसल न् काय न्हाई, कुणाला ठाव."

सातवी शिकलेल्या माणसानं बरोबर बोट ठेवलं होतं. सेन्सर आणि कडी यांत केसाएवढंच अंतर लागतं. बेरिंग ढिलं असलं की ते अंतर कमी-जास्त होतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण अप्पा म्हणाले म्हणून मला ते जुनं वाटलं. मी "हाव" म्हणाले.

शुक्रवारी अप्पा उदगीरला एका पाहुण्याच्या मयतीला गेले. जाताना पुन्हा म्हणाले, "फ्यूज." मी मान हलवली. ते गेल्यावर मी गाडी फिरवायला काढली. रस्त्यावर जोरात पळवून ब्रेक मारला, गाडी सुंदर थांबली. परत येताना बसस्टँडजवळ गर्दी होती, हळूहळू ब्रेक दाबत थांबत होते, तेव्हा अगदी शेवटी पायाखाली पॅडल थरथरलं. कुर्रकुर्र असा आवाज झाला आणि गाडी हातभर पुढं गेली. त्या क्षणाची मला आजही पायाच्या तळव्याला आठवण आहे. एबीएस थरथरतं हे मी वाचलं होतं, पायाखाली कधी अनुभवलं नव्हतं. मला वाटलं, चाललं! माझ्या हातानं चाललं! कोरड्या सपाट रस्त्यावर, माणसाच्या चालीनं जाणाऱ्या गाडीला एबीएस लागायचं कारणच काय, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी आनंदात घरी आले. अव्वानं धपाटे केले होते, ते मी उभ्यानंच खाल्ले.

फ्यूज मी काढला नाही.

चाचा दुपारी आले. दिवा विझलेला बघून खुश झाले. बोनेटवर हात फिरवला. मी किल्ली दिली आणि म्हणाले, "चाचा, बिनधास्त जा. आता ब्रेक नव्यासारखा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. अप्पांनी बेरिंगबद्दल काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलंच नाही.

लग्न पार पडलं. रविवारी चाचा नवरदेवाला सोडून एकटेच कंधारला परतत होते. लोह्याच्या अलीकडं एका मोरीवर उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. उतार होता. चाचांनी लांबूनच वेग कमी केला, तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तो. सावकाश थांबायला लागले आणि शेवटच्या टप्प्यात पॅडल थरथरलं, गाडी थांबेना. ते पाय दाबत राहिले आणि गाडी ब्रेक सोडत राहिली. ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस काचेवर येतील म्हणून त्यांनी स्टेअरिंग ओढलं आणि गाडी मोरीच्या दगडी कठड्यावर गेली. वेग फार नव्हता. पण गाडी जुनी, पुढचा भाग आत दबला आणि त्यांचा उजवा गुडघा फुटला.

फोन दुपारी आला. अप्पांनी घेतला. ऐकताना ते माझ्याकडं बघत होते. फोन ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "फ्यूज काढलता का?"

 त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आत जाऊन सदरा बदलला. अव्वानं घाईघाईनं डबा भरला, कुणासाठी आणि कशासाठी ते तिलाही कळत नव्हतं, आणि आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो.

दवाखान्यात चाचांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होणार होतं. पाय बांधून ठेवला होता. चाची कोपऱ्यात बसल्या होत्या. चाचांचा मेव्हणा सलीम दारातच होता. मोठ्या आवाजाचा माणूस. अप्पांना बघताच तो म्हणाला, "ब्रेक तुमच्याकडंच केला होता ना? चार दिवस गाडी तुमच्याकडं होती. कुणी केलं काम?"

माझ्या हातात डबा होता. मी तोंड उघडलं असेल, नसेल. मला नक्की आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते आपल्या बाजूनं आठवायचा मोह मी टाळते. आवाज मात्र अप्पांचा आला.

"मी केलं. पोरीनं निस्ता दिवा बघितला, ब्रेकला हात माझे होते."

चाचांनी मान वळवली. दुखण्यानं चेहरा काळवंडला होता. "मल्लू, तू?" ते म्हणाले. "पॅडल थरथरून राहिलं होतं. तुला कळलं न्हाई?"

"न्हाई कळलं."

"तुला?"

"म्हातारा झालो मी, नसीर. चुकलं."

चाचांनी भिंतीकडं तोंड केलं.  डबा मी चाचींजवळ ठेवला. त्यांनी तो उघडला नाही, परतही केला नाही.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. लोह्याच्या अलीकडची ती मोरी आली. गाडी अजून तिथंच होती, रस्त्याकडेला. अप्पांनी पाहिलं आणि मग खिडकीची काच वर ओढून घेतली. "नंदा," ते म्हणाले, "तू आत्ताच पाना धरलीस. पोरीनं ब्रेक केला आन् माणूस पडला, हे एकदा गावात झालं की जन्मात तुला कुणी गाडी देणार न्हाई. माझं काय, माझं झालंय. तू बोलू नको."

मी "हाव" म्हणाले. वडलांचं फ्यूजचं ऐकलं नाही, आणि नेमकं हेच तेवढं ऐकलं.

आठवड्यानं अप्पांनी गाडी ओढून ग्यारेजात आणली. त्यांनीच मला हाक मारली. डावं चाक उतरवलं होतं. "एक फेरा फिरव," ते म्हणाले. कडी ज्यावर बसवलेली असते तो धुरा मी हळूहळू फिरवला. अर्ध्या फेऱ्यानंतर कडीवर गंजाखाली एक चीर दिसली, केसाएवढी. त्या जागी दोन दातांमधलं अंतर जास्त झालं होतं. गाडी वेगात असताना ते चुकून जायचं. हळू झाली की सेन्सरला ती फट म्हणजे चाक थांबलं असंच वाटायचं, आणि वर बेरिंग ढिलं. कॉम्प्युटर ब्रेक सोडायचा. सगळा आजार एवढाच होता. सेन्सरही खराब होता, ते खोटं नव्हतं. पण त्याच्या मागं दोन आजार आणखी होते आणि यंत्रानं एकाचंच नाव सांगितलं होतं. अप्पांनी माझं बोट धरून त्या चिरेवरून फिरवलं.

"लागलं हाताला?"

"लागलं."

त्यापलीकडं ते मला कधी काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ती गाडी आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केली. दोन महिने लागले. पुढचा भाग सरळ केला, नवं बेरिंग घातलं, हैदराबादहून धुरा आणला, अखंड कडीचा. मी तिला पंचवीस-तीस वेळा पळवून थांबवलं, हळू थांबवलं, रेतीवर थांबवलं. दिवा लागला नाही, पॅडल नको तिथं थरथरलं नाही. अप्पांनी एकट्यानं गाडी कंधारला नेली आणि एसटीनं परत आले. अव्वानं विचारलं, "नसीर काय म्हणला?" अप्पा म्हणाले, "भेटला न्हाई. झोपला होता म्हणं." त्यांनी जेवायला घेतलं. भाकरी चुरली आणि तशीच ठेवली.

चाचांचा पाय वाकेनासाच झाला. ते पुन्हा स्टेअरिंगवर बसले नाहीत. गाडी त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. बातमी रस्त्यानं पसरली, ती अप्पांच्या नावानं पसरली. कंधार-लोह्याचे ड्रायव्हर यायचे थांबले. जे आले ते ऑइल बदलायला आले, ब्रेकला नाही. अप्पांनीही हळूहळू ब्रेकचं काम घेणं बंद केलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "पोरीकडून करून घे, तिचा हात चांगला हाय." आणि लोक माझ्याकडून करून घ्यायचे. माझं नाव झालं. नांदेडला वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, पुढं शिकवायला लागले. कुणी विचारलं की मी सांगायची, ब्रेक वडलांकडून शिकले. ऐकणारा कधी कधी म्हणायचा, "त्यांचा तो एक ॲक्सिडेंट झाला होता ना?" मी म्हणायची, "हो, झाला होता."

चाचा पुन्हा आमच्याकडं आले नाहीत. डबे जाणं-येणं थांबलं. पहिल्या दोन दिवाळ्यांना अव्वानं शंकरपाळ्यांचा डबा बांधला, अप्पा म्हणाले, "राहू दे." कितीदा तरी मी ठरवलं, कंधारला जायचं आणि सांगायचं. कधी परीक्षा होती, कधी लेक लहान होती, कधी वाटायचं आता जुनं उकरून काय होणार. अंतर पाऊण तासाचं होतं. मला अठरा वर्षं लागली, आणि तोवर अप्पा गेले.

अप्पांना आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. लातूरहून, उदगीरहून लोक आले. ज्यांनी ब्रेकची कामं काढून नेली होती तेही आले. अव्वा ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत होती. माती झाल्यावरही बघत होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "नसीर आला न्हाई गं." मी तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मला ठाव हाय," ती म्हणाली. "काढलेला फ्यूज चुलीवरच्या फळीवर असतो. त्या दिवशी मी बघितलं होतं, त्यो तिथं नव्हता, म्हंजी गाडीतच राहिलता. पर मला सांगून काय उपेग?"

तेराव्यानंतर मी कंधारला गेले. चाचा दारात खुर्चीवर बसले होते, पाय समोर ताठ. केस पांढरेशुभ्र. मला त्यांनी ओळखलं. "मल्लूची नंदा ना? बैस, बेटी." मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. फ्यूजचं सांगितलं, खेळाचं सांगितलं, बसस्टँडजवळ पॅडल थरथरलं ते सांगितलं, दवाखान्यात मी गप्प उभी होते तेही.  आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"त्यानं हातच लावला नव्हता?" शेवटी चाचा म्हणाले.

"नाही. त्यांनी मला फ्यूज काढायला सांगितला होता. दोनदा."

चाचांनी काठी दोन्ही हातांत धरली. "पाय गेला त्याचं मला काय वाटलं न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "पाय ड्रायव्हरचा जातोच कधीतरी. मला वाटलं, मल्लूनं माझ्या गाडीकडं बघितलंच न्हाई. बिनकाळजी केलं माझं काम. अठरा वर्षं मी तेच चावून राहिलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे तुम्ही त्याच्या मयतीच्या आधी सांगायला पाहिजे होतं."

आता बेटी नाही, तुम्ही. मी त्यांच्या मांडीवर बसून गाडीचं स्टेअरिंग फिरवलेली पोर.

"चाचा, मला माफ करा," मी म्हणाले. ते काठी टेकून उठले. विचारलं, "कुठं ठेवलाय त्याला?"

मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं. ताठ पायासाठी सीट पूर्ण मागं घेतली.  मला खूप बोलायचं होतं आणि बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्मशानभूमीच्या फाटकाशी मी त्यांना हात द्यायला गेले, त्यांनी काठी टेकली आणि एकटेच आत गेले. अप्पांच्या जागेवर अजून भुसभुशीत माती होती, वाळलेले हार होते. चाचांना खाली बसता येईना. ते उभेच राहिले, काठीवर वाकून. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. दुआ म्हणत होते की अप्पांशी बोलत होते, मला कळलं नाही. एकदा त्यांनी हात उडवला, जसा माणूस भांडताना उडवतो. एकदा ते हसल्यासारखं वाटलं. ऊन उतरत आलं तरी ते तिथंच होते आणि मी फाटकाबाहेर उभी होते. माझा बाप तिथं होता, पण आत जावंसं मला वाटलं नाही. ते दोघंच होते ते बरं होतं.

कंधारला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चाची दारातच वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चाचांना विचारलं, "एवढा वेळ कहाँ थे?"

"दोस्ताकडं गेलतो," चाचा म्हणाले आणि काठी टेकत आत गेले. चाचींनी दार लावून घेतलं. मी गाडीत बसले, बराच वेळ किल्ली हातातच धरून.